शेवटची कळशी

रतननं, माझ्या धाकट्या जावेनं, अंगणातल्या नळापाशी बसून मला हाक मारली, "अक्का, जरा बाहेर या." आवाज नेहमीसारखाच, खालच्या पट्टीतला. मी नुकतीच भाकरी तव्यावर टाकली होती, आणि भाकरी सोडून उठायची मला सवय नाही. म्हटलं, काय ते तिथूनच सांग. ती काही सांगेना. पुन्हा तेवढंच म्हणाली, बाहेर या. शेवटी भाकरी उलटली आणि पिठाच्याच हातानं दारात गेले, तिला दोन शब्द सुनवायच्या तयारीनं.

ती कळशीपुढे उकिडवी बसली होती. नळाची करंगळीएवढी धार कळशीत पडत होती, आणि धार गुलाबी होती.

मला आधी वाटलं, हिचा हात कापला. मी तिचे दोन्ही हात धरून उलटेपालटे करून बघितले. हातांना काही झालेलं नव्हतं. फक्त माझं पीठ तिच्या मनगटांना लागलं.

तेवढ्यात आत्या बाहेर आल्या. आत्या म्हणजे आमच्या सासूबाई; आमच्याकडे सुना सासूला आत्याच म्हणतात. त्या दिवशी रंगपंचमी होती आणि आमच्या घरात रंग नव्हता. श्रावणात रतनचा मुलगा, सागर, गेला होता. नुकता बोलायला लागलेला, मोठ्यांनाही 'ये' म्हणून बोलावणारा. दुखवट्याच्या घरी रंग टाकायचा नाही, ही रीत आमच्या आंबेखिंडीत कुणालाही सांगावी लागत नाही. आत्यांनी ती गुलाबी कळशी बघितली, पदर खोचला आणि सरळ रस्त्यावर जाऊन उभ्या राहिल्या. कुणाच्या पोरानं आमच्या कळशीत रंग ओतला, हे त्या आळीला विचारू लागल्या. आत्या काही विचारू लागल्या की आळीतली कुत्रीसुद्धा आडोसा बघायची.

"कुणी वतला न्हाई, आत्या," रतन म्हणाली. "नळातनंच येतंय."

आणि खरंच, शेजारच्या घरच्या घागरीतही तेच. त्यापलीकडच्या बादलीतही तेच. बायका एकमेकींची भांडी बघू लागल्या. कुणी हसलं, कुणी म्हणालं, आज नळालाही सण आठवला. रतन मात्र हसली नाही आणि घाबरलीही नाही. ती घरात गेली, फळीवरची तेलाची रिकामी काचेची बाटली स्वच्छ विसळून घेऊन आली आणि धार थांबायच्या आत भरून घेतली. बाटली उन्हात धरून ती बराच वेळ बघत राहिली. मला तिचं ते बघणं आवडलं नाही. दुःखानं माणूस कशाकडेही असं टक लावून बघायला लागतं, आणि मला वाटलं, आता हिचं डोकं फिरलं.

आमच्या गावाचं पाणी कसं यायचं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. टेकडीवर टाकी. टाकीखाली चावी. ती फिरवायला महिपत, पंचायतीचा माणूस, जो चावी फिरवताना असा चेहरा करायचा की जणू पाऊस तोच पाडतो. टाकीतून एकच मोठा पाइप आधी वरच्या आळीतून जायचा, मग उतारानं आमच्या खालच्या आळीत यायचा. पाणी दुपारी सोडायचे. वरच्या आळीला जोराचं, आम्हाला बेताचं. पण एक गोष्ट आमच्या वाट्याला जास्तीची होती. महिपतनं चावी बंद केली की वरच्या आळीचं पाणी तिथल्या तिथे थांबायचं, आणि आमच्या नळांना मात्र बारीक धार बराच वेळ येत राहायची. पाइपात उरलेलं पाणी उतारानं आमच्याकडे यायचं, असं सगळे म्हणत. खालची आळी यावर फार खूश होती. वरचे कितीही मोठे असले तरी शेवटचा घोट देवानं आमच्यासाठी ठेवलाय, असं आम्ही त्यांना चिडवायचो. त्या धारेखाली शेवटची कळशी लावणं हे आमच्या आळीत चांगल्या सुनेचं लक्षण समजत. आमच्या घरात ते काम रतनचं होतं.

आता तिच्याबद्दल. सागरला जुलाब लागले ते थांबलेच नाहीत. तालुक्याला नेईपर्यंत पोर वाळून गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, खराब पाणी पोटात गेलंय. त्यावर आरोग्य खात्याची माणसं आली, टाकीतलं पाणी बाटल्यांत भरून घेऊन गेली, आणि टाकीचं पाणी चांगलं आहे असा निरोप आला. टाकी चांगली. तेच पाणी पिऊन घरातले आम्ही सगळे धडधाकट. मग खराब काय? आई खराब. हा हिशेब आत्यांनी मांडला आणि तो कुणी खोडला नाही. हात धुतले नसतील, कळशी उघडी ठेवली असेल, पेला तसाच बुचकळला असेल. वरच्या आळीचं म्हणणं तर ठरलेलंच होतं: खालच्या आळीत दर पावसाळ्यात पोटं बिघडतात, कारण त्या लोकांना स्वच्छता माहीत नाही.

डोळ्यांत पाणी आलं तरी, पोर घालवून आता रडतीस कशाला, म्हणून आत्या रतनला दटावायच्या; तिनं एकदाही उलट उत्तर दिलं नाही. मला याचा राग यायचा. मी असते तर घर डोक्यावर घेतलं असतं. एकदा शेतात खुरपताना मी तिला तसं म्हटलंही. तेव्हा ती म्हणाली, "अक्का, उलटं काय बोलू? माझं कुठं चुकलं ते मलाच कळंना झालंय. पण चुकलं असणारच की." त्यानंतर मी तिला तसं बोलायचं सोडून दिलं. आत्यांनी केलेला आरोप परवडला, पण ही बाई स्वतःच स्वतःला आरोपी मानून बसली होती, त्याला मी काय करणार.

होळीच्या आधी आत्यांनी तिच्या माहेरी सांगावा धाडला होता, पंचमी झाली की बहिणीला येऊन घेऊन जा. किती दिवसांसाठी, हे सांगाव्यात नव्हतं, आणि नव्हतं म्हणजे कायमचंच, हे आम्हाला सगळ्यांना कळलं होतं. विलासभावजींना, म्हणजे तिच्या नवऱ्यालाही. ते साखर कारखान्यात कामाला होते आणि आईपुढे त्यांचं तोंड उघडत नसे. रतनचा भाऊ निवृत्ती दुसऱ्याच दिवशी येणार होता. तिची पिशवी भरून कोपऱ्यात ठेवलेली होती.

असं सगळं असताना ती बाटली घेऊन वरच्या आळीला निघाली. मी तव्याखालचा जाळ ओढला आणि तिच्या मागे गेले. तिला एकटीला पाठवायचा माझा धीर होईना.

वरच्या आळीत रंगाला भर आला होता. सगळ्यांत जास्त गर्दी अनसूयाकाकींच्या अंगणात. काकींचा गोठा मोठा, अंगण मोठं आणि मन त्याहून मोठं. गावात कुणाचं बाळंतपण असो, कुणाचं दुखणं असो, काकी दूध घेऊन हजर. सागरच्या दुखण्यातही त्या आमच्याकडे रोज येऊन बसायच्या. त्यांच्या अंगणात पोरांनी लोखंडी पिंप रंगानं भरलं होतं. नळाला लावलेली लांब नळी पिंपात सोडलेली होती, आणि पोरं आपसात भांडत होती. पिंप काठोकाठ भरून ठेवलं होतं, ते अर्धं कसं झालं, कुणी चोरून उपसलं, असा वाद होता.

रतन पिंपापाशी गेली. ओंजळीत रंग घेतला, बाटलीशेजारी धरला. दोन्ही रंग एकच. ती म्हणाली, तुमचा रंग आमच्या नळाला आलाय.

पोरं हसायला लागली. महिपत तिथंच भिजलेला उभा होता. त्याच्या ते मनाला लागलं. नळातून पिंपात पाणी पडतं, पिंपातून नळात कसं जाईल, पाणी कधी उलटं चालतं का, असं त्यानं चारचौघांत विचारलं. कुणीतरी म्हणालं, वहिनींना आज रंग खेळता येत नाही म्हणून त्यांनीच कालवला असेल. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो पिंपामागे गेला.

अनसूयाकाकींनी रतनला जवळ घेतलं. तिच्या केसांवरून हात फिरवत त्या मला हळूच म्हणाल्या, पोरीला घरी ने, हिच्या मनावर झालंय. मलाही तसंच वाटत होतं, खोटं कशाला सांगू. मी तिचा दंड धरला. ती जागची हलली नाही.

"काकी," तिनं विचारलं, "ही नळी रोज कुठं असती?"

"रोज? हौदात की. म्हशींच्या."

"बुडलेली असती?"

"तळाला असती. का गं?"

रतन वळून गोठ्याकडे बघायला लागली. गोठ्यापुढे दगडी हौद होता. काठाला शेवाळ, पाण्यावर वैरणीच्या काड्या, एक म्हैस तोंड बुडवून निवांत पीत उभी. शेजारी हौदाला पाठ करून उभ्या दुसरीनं तिथंच शेणही टाकलं, निम्मं बाहेर, निम्मं काठावर. मी त्या हौदाकडे बघितलं, तिच्या हातातल्या बाटलीकडे बघितलं. तिला काय दिसत होतं ते मला तेव्हा दिसलं.

मी तिला घरी आणलं, पण मग मला स्वस्थ बसवेना. माझा स्वभावच तसा आहे, एखादी गोष्ट खरी की खोटी हे कळेपर्यंत मला घास उतरत नाही. त्याच संध्याकाळी मी पुन्हा वर जाऊन काकींना म्हटलं, उद्या दुपारी पाणी सुटेल तेव्हा आजच्यासारखंच करा. पिंप रंगानं भरा, नळी तशीच बुडवून ठेवा, नळ उघडाच राहू द्या. खोटं ठरलं तर मी सगळ्यांपुढे नाक घासते. काकी हसल्या आणि बरं म्हणाल्या. त्यांना वाटलं, एवढ्यानं पोरीचं मन शांत होत असेल तर होऊ दे.

दुसऱ्या दिवशी निम्मी वरची आळी तमाशा बघायला जमली. खाली आमच्या नळावर शेजारच्या जनाक्काला बसवून मी आणि रतन वर आलो. आणि आमच्या मागून, धापा टाकत, आत्याही आल्या. चढ चढवत नाही म्हणून त्या वर्षानुवर्षं वरच्या आळीत आल्या नव्हत्या. घराची अब्रू सुना वेशीवर टांगायला निघाल्यात, निदान बघून तरी यावं, म्हणून आल्या असाव्यात. त्या एका दगडावर बसल्या.

पाणी आलं. पिंप भरलं. वेळ झाल्यावर महिपत टेकडीवर गेला आणि चावी बंद करून, हात झटकत खाली आला. नळातली खळखळ थांबली. नळ कुणी बंद केला नाही, वरच्या आळीत तशी पद्धतच नव्हती. पाणी गेलं की गेलं, पुन्हा आलं की नळी हौदात असतेच.

आम्ही पिंपाकडे बघत उभे. काही होईना. रंग काठाशी तसाच. महिपत विडी शिलगावत म्हणाला, झालं का समाधान. माणसं पांगायला लागली. मीही मनातून नाक घासायच्या तयारीला लागले होते.

रतन वाकून पिंपाच्या काठाकडे बघत होती. तिनं बोट ठेवलं. पाणी तिच्या बोटाच्या खाली गेलं होतं. काठाच्या आतल्या बाजूला ओल्या रंगाची कड उरली होती आणि पाणी त्या कडेपासून सावकाश उतरत होतं. पिंपाला कुठे भोक नव्हतं. कुणी उपसत नव्हतं.

अनसूयाकाकी पुढे आल्या. त्यांनी बाही वर सारली आणि पिंपात हात घातला, नळीचं तोंड शोधलं आणि त्यावर तळहात ठेवला. त्यांचा चेहरा मी आजही विसरलेले नाही. त्या हात काढायला गेल्या तर नळीही हाताबरोबर वर आली, तळहाताला चिकटून.

"वढतंय," त्या म्हणाल्या. "आतनं कुणीतरी वढावं तसं वढतंय."

त्याच वेळी खालून जनाक्काची आरोळी आली, रंग आला म्हणून.

महिपतची विडी हातातच राहिली. हे कसं होतं ते पुढे पंचायतीत आलेल्या इंजिनिअरनं आम्हाला समजावून दिलं, पण त्या दिवशीही ते कळायला अवघड नव्हतं. वरून चावी बंद झाली की पाइपातलं पाणी उतारानं आमच्या उघड्या नळांकडे धावायचं. मागे पाइप रिकामा पडायचा, आणि रिकामा पाइप जिथून मिळेल तिथून ओढून घ्यायचा. वरच्या आळीतली प्रत्येक नळी कशात ना कशात बुडालेली. म्हशींच्या हौदात, धुण्याच्या टाकीत, औषध कालवायच्या पिंपात. ज्या धारेला आम्ही देवानं राखलेला घोट म्हणत होतो, ती धार ही होती.

अनसूयाकाकी हौदाच्या काठावर जाऊन बसल्या. हाताचा गुलाबी रंग त्यांनी पदराला पुसला नाही, तसाच हात मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, "ह्या हौदाचं पाणी म्या कुत्र्याला पाजलं नसतं." त्यांच्याजवळ जायला कुणाचे पाय उचलेनात.

आता मी ज्या गोष्टीकडे येते ती सांगायला मला आजही जड जातं. आमच्या घरात पाणी भरायचा क्रम आत्यांनी लावलेला होता. पहिली घागर देवाची. मग पिण्याचा मोठा हंडा, तो आत्यांशिवाय कुणी शिवायचा नाही, त्यातलं पाणी त्याच वाढून देणार. सागर सारखा भांड्यात हात घालायचा. म्हणून आत्यांनी त्याचं पाणी वेगळं काढायला लावलं होतं. त्याच्यासाठी सोप्यात एक कळशी ठेवलेली होती, आणि ती सगळ्यांत शेवटी भरायची होती. आम्ही सगळे पहिलं पाणी प्यायचो. शेवटचं पाणी घरात एकटा सागर प्यायचा.

हे माझ्या ध्यानात आलं आणि मी आत्यांकडे बघितलं. त्यांच्याही ध्यानात आलेलं होतं. त्या दगडावरून उठल्या, रतनसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"शेवटची कळशी भराया तुला कुणी सांगितलं हुतं?" त्यांनी विचारलं.

रतन बोलली नाही. माझ्या तोंडाला एरवी कुलूप नसतं, पण त्या वेळी मीही बोलले नाही. ते आमच्यापैकी कुणी म्हणावं असं नव्हतंच.

"म्या," त्या म्हणाल्या. "म्या सांगितलं हुतं."

आणि सगळ्यांसमोर, ज्या वरच्या आळीपुढे त्यांनी आयुष्यभर मान ताठ ठेवली तिच्यापुढे, त्या मटकन खाली बसल्या. रतननंच त्यांना धरून उठवलं आणि उतारावरून घरी आणलं.

घरी निवृत्ती येऊन बसला होता. बहिणीच्या सासरचा राग घेऊन आलेला माणूस, त्यानं पाण्याचा तांब्याही तोंडाला लावला नव्हता. लावला नव्हता ते बरंच झालं. आत्या उंबऱ्यातच उभ्या राहिल्या आणि त्याला म्हणाल्या, तुमच्या बहिणीचा दोष नाही, दोष माझा आहे, आता मी तिला पाठवणार नाही. असं म्हणताना त्यांनी त्याच्यापुढे हात जोडले. आत्यांनी कुणापुढे हात जोडलेले मी तोवर पाहिले नव्हते. निवृत्ती गांगरून उभाच राहिला.

मला वाटलं, संपलं. रतन आता पिशवी उचलून आत नेईल आणि पिशवीतली लुगडी पुन्हा दांडीवर जातील. मी तर मनात चुलीवर काय चढवायचं तेही ठरवलं होतं.

रतननं पिशवी उचलली आणि भावाच्या हातात दिली.

"मी जाते, आत्या," ती म्हणाली. "रागानं न्हाई जात. वरच्या आळीतली एकेक नळी पाण्याच्या वर टांगली गेली की सांगावा धाडा, मी येते. तवर मला ह्या नळाचं पाणी पिववणार न्हाई. आन् दुसऱ्या कुणाच्या पोराला पिताना बघवणार न्हाई."

रतन त्यांच्या पाया पडली, माझ्या पाया पडली आणि भावाबरोबर निघून गेली. जिला घालवून द्यायचं ठरलं होतं ती स्वतःच्या पायांनी, स्वतःची अट घालून गेली, आणि आम्ही दोघी दारात उभ्या राहिलो.

एखादी नळी टांगणं म्हणजे काय मोठं काम, असं तुम्हाला वाटेल. हौदाच्या काठापासून वीतभर वर एक आकडा ठोकायचा, नळीचं तोंड त्यात अडकवायचं. नळी आणि पाणी यांच्यात मोकळी हवा राहिली की ओढून ओढून पाइप हवाच ओढणार, घाण नाही. अनसूयाकाकींनी त्याच दिवशी आकडा ठोकून घेतला. पण बाकीच्यांनी फार छळलं. कारण काय, तर आवाज. नळी तळाशी असली की हौद मुका भरतो. वरून पडणारं पाणी चार घरांना ऐकू जातं, आणि मग शेजारी विचारतो, तुमचा अजून भरायचाच आहे का, आम्हाला धार कमी येते. वरच्या आळीनं इतकी वर्षं नळ्या बुडवल्या त्या एकमेकांपासून पाणी लपवायला. हे कुणी कबूल करत नव्हतं. नळी उडते म्हणायचे, पाणी सांडतं म्हणायचे, म्हैस आवाजाला बुजते म्हणायचे.

मी भांडून बघितलं. भांडणात मी कुणाला हार जात नाही, पण माझ्या भांडणानं आकडे मोजकेच लागले, आणि त्यातल्या काही नळ्या मी पाठ फिरवली की पुन्हा पाण्यात. जे झालं ते आत्यांमुळे. त्या रोज पाण्याच्या वेळेला चढ चढून वर जायच्या आणि ज्याची नळी बुडालेली असेल त्याच्या दारात जाऊन बसायच्या. काही बोलायच्या नाहीत. आत्या आणि बोलत नाहीत, यालाच लोक जास्त घाबरले. कुणी चहा पुढे केला तर म्हणायच्या, आधी नळी वर काढ, मग पिते. एकानं चिडून विचारलं, म्हातारे, तुझं काय जातंय. त्या म्हणाल्या, "माझं गेलंय ते गेलं. आता सून जायला आलीया." त्या माणसानं त्यांच्यादेखत आकडा ठोकला. महिपतही सुधारला, चावी बंद करायच्या आधी आळीतून ओरडत जायला लागला, नळ बंद करा, नळ बंद करा. पुढे पंचायतीनं प्रत्येक जोडणीवर पाणी मागे न येऊ देणाऱ्या झडपा बसवल्या, पण त्या फार पुढे. तोवर आमचं काम त्या आकड्यांवरच चाललं.

आंबे पाडाला आले तेव्हा शेवटची नळी वर गेली. सांगावा धाडायचा तर आत्या म्हणाल्या, सांगावा नको, मी जाते. सासूनं सुनेला आणायला जाण्याची आमच्यात रीत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांना ते माझ्याहून जास्त माहीत होतं. मी त्यांच्यासोबत गेले. रतननं आम्हाला बघितलं आणि पिशवी भरून आणली.

एसटीनं आम्हाला वरच्या आळीच्या तोंडाशी उतरवलं, आणि नेमकी पाण्याची वेळ होती. रतन घराच्या वाटेला लागली नाही. ती पहिल्या घराच्या अंगणात शिरली, हौदापाशी गेली, बघितलं, बाहेर आली. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. कुणी तिला हटकलं नाही. घरोघरी पाणी पडत होतं आणि सगळी आळी त्या आवाजानं भरली होती. आत्या तिच्या मागून तिची पिशवी उचलून चालत होत्या. मी घ्यायला गेले तर त्यांनी दिली नाही.

अनसूयाकाकींचं घर शेवटी आलं. नळी आकड्यात अडकवलेली होती, त्यातून जाड धार हौदात पडत होती आणि म्हैस तिच्या पलीकडून पीत होती. रतन हौदाशी उभी राहिली. मला वाटलं, आता वळेल. ती वळली नाही. तिचे खांदे हलायला लागले, आणि मग ती हौदाचा काठ धरून रडायला लागली. पोर गेल्यापासून ती आमच्यासमोर एकदाही रडली नव्हती. त्या दिवशी मात्र मोठ्यानं, सागरचं नाव घेऊन, आळीला ऐकू जाईल असं रडली. मलाही आवरलं नाही.

अनसूयाकाकी घरातून धावत आल्या, तिला पोटाशी धरून गप्प करायला. आत्यांनी त्यांना हातानं अडवलं.

"रडू दे तिला," त्या म्हणाल्या. "म्या रडू दिलं नव्हतं."